हिरोशिगेचा पाऊस कापडावर: भिंतीवर टांगायची क्विल्ट कशी शिवायची

जपानी ठसेचित्राची क्विल्ट करायची म्हटलं की बहुतेकजणी होकुसाईची लाट निवडतात. लाट सुंदरच आहे, पण तिच्या फेसाच्या नखांसारख्या टोकांमध्ये नवशिक्या हाताचे महिनोन्महिने जातात, आणि क्विल्टिंगच्या टाक्याला तिथे स्वतःचं असं काम उरत नाही. माझा आग्रह उतागावा हिरोशिगेच्या पावसाच्या चित्राचा आहे. नदीवरचा लाकडी पूल, अचानक आलेली जोराची सर, छत्र्या आणि टोप्या सावरत पळणारी माणसं, आणि सगळ्या चित्रावरून वरपासून खालपर्यंत उतरलेल्या पावसाच्या बारीक रेघा. क्विल्टमध्ये तीन थर एकत्र धरायला टाके घालावेच लागतात. इथे तेच टाके पाऊस होतात. धाग्याला यापेक्षा चांगलं काम मी तरी कुठल्या चित्रात दिलेलं नाही.

हे चित्र १८५७ सालचं. हिरोशिगेने (१७९७–१८५८) आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत एदो शहराची, म्हणजे आजच्या टोकियोची, शंभरावर दृश्यं काढली, त्या मालिकेतलं. पूल सुमिदा नदीवरचा शिन-ओहाशी. पलीकडे पावसात विरघळलेला काठ दिसतो तो आताके भाग. तिथे पूर्वी आताकेमारू नावाचं मोठं सरकारी जहाज नांगरलेलं असे, त्यावरून ते नाव पडलं. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हेच चित्र तैलरंगात उतरवलं. ती प्रत अ‍ॅमस्टरडॅमच्या त्याच्या संग्रहालयात आहे. मूळ चित्राशेजारी ठेवून ती जरूर बघा. त्याच्या जाड रंगात पाऊस जड झालाय आणि मूळ ठशात तो केसासारखा बारीक आहे, हा फरक आपल्याला पुढे धागा निवडताना कामाला येतो.

आधी ठसा समजून घ्या

अशा चित्रामागे चौघांचे हात असत. प्रकाशक पैसा घाली, चित्रकार रेखाटन देई, कोरणारा ते चेरीच्या लाकडावर उलटं चिकटवून कोरे आणि छापणारा एकेका रंगाचा ठसा हातकागदावर घासून उतरवी. रेघांचा एक मुख्य ठसा, आणि रंगांसाठी वेगळे ठसे. त्यामुळे चित्र म्हणजे सपाट रंगांचे तुकडे आणि त्यांना बांधणारी रेघ. कापडाचे तुकडे आणि त्यांच्या कडेची शिवण हेही तेच आहे. म्हणून ही चित्रं कापडात इतकी सहज उतरतात. तैलचित्राचं तसं होत नाही.

पावसाची रेघ लाकडात कशी आली असेल, याचा विचार करा. रेघ कोरायची नसते, ती शिल्लक ठेवायची असते. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं आणि मधे केसाएवढी भिंत उभी ठेवायची, तीही लांबलचक आणि अखंड. अशा शेकडो भिंती. या चित्रात तर पावसासाठी दोन ठसे आहेत, आणि दोन्हींच्या रेघांचा कल किंचित वेगळा. तेवढ्या फरकामुळे पाऊस हलतो. आपणही पाऊस दोन फेऱ्यांत शिवणार आहोत. लाकडात उठून राहिलेली रेघ कापडात मात्र खोल जाते, आणि त्या खाचेत सावली पडते.

चित्र मिळवणं आणि मोठं करणं

हिरोशिगेच्या चित्रांवर आता कुणाचाही स्वामित्वहक्क नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून अशी हक्कमुक्त चित्रं मोठ्या आकारात मोफत उतरवून घ्यायला खुली केली आहेत. तिथून किंवा शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावरून चित्र घ्या. पोस्टर विकणाऱ्या पानावरची प्रतिमा घेऊ नका, तिचे रंग भडक केलेले असतात.

चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण साधारण २:३ आहे. मी ५४ × ८१ सेंमी असा आकार धरते. याचं कारण साधं: ए-फोर कागदाची छापता येणारी जागा जवळपास १९ × २७ सेंमी असते, त्यामुळे तीन ओळींत तीन-तीन असे नऊ कागद जोडून पूर्ण आराखडा तयार होतो. घरी छापायचं नसेल तर घरांचे नकाशे छापणाऱ्या दुकानात एकाच मोठ्या कागदावर काळं-पांढरं छापून मिळतं. चित्राभोवती ३ सेंमीची चौकट येईल, म्हणजे पूर्ण क्विल्ट ६० × ८७ सेंमी.

आता त्या कागदावर ठळक पेनाने फक्त कडा गिरवा. आकाश, पलीकडचा काठ, नदी, नदीतला ओंडक्यांचा तराफा आणि त्यावरचा माणूस, पुलाची वाट, कठडा, खालचे खांब, वरची माणसं. जे करंगळीच्या नखापेक्षा लहान असेल ते सोडून द्या किंवा भरतकामासाठी राखून ठेवा. हे सोडून देणं जमलं की निम्मं काम झालं. प्रत्येक तुकड्याला मागून पुढे या क्रमाने आकडा द्या: आकाश १, काठ २, नदी ३, असं. जो तुकडा दुसऱ्याच्या खाली जाणार आहे त्याला त्या बाजूने ५ मिमी जास्त कापड ठेवायचं, नाहीतर इस्त्रीनंतर मधे फट दिसते.

कापड

सगळं सुती घ्या. पाया म्हणून धुतलेलं मांजरपाट, ६४ × ९१ सेंमी. टाक्यांनी क्विल्ट एक-दोन सेंमी आक्रसते, म्हणून पाया सगळीकडून थोडा मोठा. आकाश, नदी आणि काठ यांची कापडंही कडेने तेवढीच वाढीव कापायची. वरच्या तुकड्यांना कॅम्ब्रिक किंवा पॉपलीन उत्तम, कारण वीण घट्ट असते आणि कापलेल्या कडेचे दोरे सुटत नाहीत. हातमागाची खादी नदीला फार शोभते, पण पुलाच्या खांबांसारख्या अरुंद पट्ट्यांना ती वापरू नका.

रंगांची गोष्ट निळ्यापासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकात जपानी ठसेचित्रांत प्रशियन निळा हा कृत्रिम रंग सर्रास वापरला जाऊ लागला आणि त्यांतलं पाणी आणि आकाश बदलून गेलं. तो खोल, थोडा हिरवटपणाकडे झुकणारा निळा आहे. आपल्याकडचं नीळ घातलेलं इंडिगो त्याच्या जवळ जातं. शाळेच्या गणवेशाचा रॉयल निळा अजिबात चालत नाही. त्याशिवाय राखाडीच्या तीन छटा, पुलासाठी फिकट पिवळसर-तपकिरी, आणि माणसांच्या कपड्यांसाठी निळ्या-राखाडी चिंध्या. दुकानात सगळी कापडं शेजारी मांडून फोनने फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. दोन छटा त्यात एकसारख्या दिसल्या तर चित्रातही त्या एकमेकींत मिसळतील.

कापड आणल्यावर प्रत्येक रंग वेगळा धुवायचा. मग ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री फिरवा. रुमालाला रंग लागला तर परत धुवा, आणि तिसऱ्या धुण्यानंतरही लागत असेल तर ते कापड या कामाला घेऊ नका. पक्का रंग म्हणून घेतलेल्या इंडिगोवर मी एकदा विश्वास ठेवला होता. शेवटी क्विल्ट ओली करून ताणली तेव्हा तिचा निळा फिकट काठात उतरला, आणि दोन महिन्यांचं काम गेलं. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्याने आजच्या रंगांचं सुटणं थांबत नाही, त्यावर विसंबू नका.

आकाशाची छटा

चित्रात सगळ्यात वर काळा ढग आहे आणि तो खाली येताना विरत जातो. जपानीत याला बोकाशी म्हणतात. छापणारा ओल्या लाकडावर ब्रशच्या एका कोपऱ्याला रंग आणि दुसऱ्याला पाणी घेऊन फिरवत असे. दर कागदाला ते नव्याने करावं लागे, त्यामुळे कुठल्याही दोन प्रतींतला ढग सारखा नाही.

कापडावरही हेच करता येतं, आणि करून बघाच. फिकट राखाडी कापड पाण्याने भिजवून पिळा आणि प्लास्टिक अंथरलेल्या पाटावर सपाट पसरा. पाटाची खालची बाजू पुस्तकाने दोन बोटं उचला, म्हणजे पाणी ढगाकडे, वरच्या कडेला राहील. कापडावर रंगवायचा काळा रंग दुप्पट पाण्यात पातळ करा. ४ सेंमी रुंदीचा चपटा ब्रश पाण्यात बुडवून झटका, त्याचा एकच कोपरा रंगाला लावा, आणि वरच्या कडेने एका दमात डावीकडून उजवीकडे न्या. लगेच त्याच वाटेने परत, पण अर्धा ब्रश खाली सरकवून. पुन्हा रंग न घेता आणखी दोनदा. रंग अजून दाट हवा असं वाटलं तरी थांबा. ओलं कापड गडद दिसतं, पण त्यात पसरणारा रंग पुढच्या पाच मिनिटांत आणखी खाली उतरतो. पूर्ण वाळलं की उलट्या बाजूने इस्त्री करून रंग पक्का करायचा, किती वेळ ते डबीवर लिहिलेलं असतं. तीन कापडं करा आणि सगळ्यात चांगलं निवडा. नदीचा निळाही एकसारखा नाही, तिथेही हीच युक्ती चालते.

तुकडे चिकटवणं

फ्यूजिंग म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने कापडाला चिकटणारा थर. शिंप्याकडचं नेहमीचं फ्यूजिंग एकाच बाजूने चिकटतं. आपल्याला कागद लावलेलं, दोन्ही बाजूंनी चिकटणारं हवं. अ‍ॅप्लिकच्या, म्हणजे कापडावर कापडाचे तुकडे लावायच्या कामाच्या, सामानात ते मिळतं. कागदावर आकार गिरवायचा, कापडाच्या उलट्या बाजूला इस्त्रीने लावायचा, रेघेवर कापायचा, कागद सोलायचा आणि पायावर चिकटवायचा.

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. आकार कापडाच्या उलट्या बाजूला लागतो, म्हणून तो आरशातल्यासारखा उलटा गिरवावा लागतो. आराखडा खिडकीच्या काचेला उलटा चिकटवा आणि मागून दिसणाऱ्या रेघा फ्यूजिंगच्या कागदावर गिरवा. माझ्या पहिल्या क्विल्टमध्ये मी हे विसरले आणि तराफ्यावरचा माणूस पाठमोऱ्या दिशेला बांबू मारत राहिला. कोरणारेही चित्र लाकडावर उलटंच चिकटवत, ते याच कारणासाठी.

मोठ्या तुकड्यांना पूर्ण फ्यूजिंग लावलं तर क्विल्ट पुठ्ठ्यासारखी होते. आकाश, नदी आणि काठ यांच्या फ्यूजिंगची मधली जागा कापून काढा, कडेने फक्त १ सेंमीची पट्टी ठेवा. लहान तुकड्यांना मात्र पूर्णच हवं.

आराखडा टेबलावर, त्यावर बेकिंगचा कागद, आणि त्यावर तुकडे जुळवत पूल वेगळाच तयार करा: आधी खांब, मग वाट, मग कठडा. मग पूर्ण पूल एकत्र उचलून नदीवर ठेवा. इस्त्री घासायची नाही, दाबून उचलायची. पुलाची कमान आराखड्याबरहुकूम हवी. ती सपाट झाली तर चित्रातली घाई निघून जाते.

माणसांना चेहरे काढू नका. मूळ चित्रातही ती टोप्या-छत्र्यांखाली दडलेली आहेत, आणि वाकलेली पाठ व उघडे पाय एवढ्यावरूनच पळ कळतो. छत्रीचा अर्धगोल, अंगाचा एक तुकडा, आणि पाय दोन पदरी धाग्याने दांडी टाक्यात. वरच्या कोपऱ्यात मालिकेच्या नावाची लाल चौकट आहे. जपानी अक्षरं वाचता येत नसतील तर ती नुसती गिरवू नका, एकही रेघ चुकली की अर्थ जातो. कोरी लाल चौकट ठेवा. त्या सगळ्या निळ्या-राखाडीत तेवढा लाल हवाच.

सगळं चिकटल्यावर कडा बांधायच्या. मशीनवर अरुंद झिगझॅग, रुंदी दीड मिमी, धागा गडद राखाडी. निव्वळ काळा धागा कापडावर फार कडक दिसतो. हाताने करणार असाल तर बारीक काजाटाका. काठाच्या आकृतीला मात्र गडद कड देऊ नका, तिच्याच रंगाचा धागा घ्या. पावसापलीकडचं पुसट राहिलं पाहिजे. हे झालं की चित्राभोवती इंडिगोची चौकट जोडायची. चित्र ५४ × ८१ उरेल अशा बेताने शिवणरेघ आखा आणि पट्टी ५ सेंमी रुंद कापा, म्हणजे शेवटी कातरायला जागा राहते.

तीन थर

खाली अस्तर, मधे भरण, वर चित्र. अस्तर आणि भरण सगळ्या बाजूंनी ५ सेंमी मोठं, म्हणजे ७० × ९७. भिंतीवरच्या क्विल्टला पातळ सुती बॅटिंग, म्हणजे भरणाचा तयार थर, हवं. पॉलिस्टरचं फुगीर भरण घेतलं तर रेघांच्या मधे फुगे येतात. बॅटिंग मिळत नसेल तर गोधडीत घालतो तशी जुनी, मऊ झालेली सुती साडी तीन-चार पदरी घाला. ती छान सपाट बसते.

अस्तर टेबलावर ताणून चिकटपट्टीने कडा धरा, मग वरचे थर. कच्चा धावदोरा मध्यापासून बाहेर, उभा-आडवा, दर ८ सेंमीवर. हा कंटाळवाणा तास वाचवू नका. पुढे पावसाच्या पन्नास-साठ रेघा एकाच दिशेने जाणार आहेत आणि थर सैल असतील तर सगळं चित्र एका बाजूला सरकतं.

पाऊस

आधी तशाच तीन थरांच्या एका चौकोनावर सराव करा. सुई १४ नंबरची, नवी. चिकट फ्यूजिंगमुळे ती मधूनमधून पुसावी लागते. टाका ३ मिमी. वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवणारा मशीनचा फूट) असेल तर तोच लावा. साध्या फूटवर शिवणार असाल तर दाब कमी करा.

पहिली फेरी मध्यम राखाडी धाग्याने. वर मी म्हटलं तसं टाक्याची खाच स्वतःची सावली घेऊन येते, म्हणून डोळ्यांना हवी त्यापेक्षा एक छटा फिकट धागा घ्यायचा. पाऊस उभ्यापेक्षा थोडासाच कललेला आहे. मधोमध पहिली रेघ लांब पट्टी आणि खडूने आखा, पुढच्या सगळ्या तिला बघून जातील. अंतर मुद्दाम असमान ठेवा, कुठे ८ मिमी, कुठे २ सेंमी. मधल्या रेघेपासून आधी एका बाजूला कडेपर्यंत, मग दुसऱ्या बाजूला. प्रत्येक रेघ वरूनच खाली शिवायची. एक वरून, एक खालून असं केलं तर दोन रेघांमधलं कापड पीळ घेतं.

पाऊस माणसांवरून, पुलावरून, नदीवरून, सगळ्यांवरून जातो. अंगावर आला म्हणून छत्रीपाशी थांबू नका. सुरुवातीला आपणच केलेल्या माणसांवर सुई चालवायला जीव होत नाही, पण त्यांना चुकवून शिवलेला पाऊस चित्रामागे लटकल्यासारखा दिसतो.

दुसरी फेरी गडद राखाडी, जास्त बारीक धाग्याने, कल पहिल्यापेक्षा दोन-तीन अंश वेगळा, आणि रेघा निम्म्याच. काही रेघा मधूनच सुरू होऊन मधेच संपू द्या. दोरे मागे उघडे सोडायचे नाहीत. दोन्ही टोकांना गाठ मारून सुईने बॅटिंगच्या पोटात ओढून घ्या. इथे घाई केली तर वर्षभरात टोकं बाहेर येतात.

आखायला इस्त्रीने उडणारं पेन वापरू नका. त्याची रेघ थंडीत परत उमटते, आणि क्विल्ट बर्फाच्या देशातल्या लेकीकडे जाणार असेल तर ती तिकडे पोचताच दिसेल. साधा खडू पुरे.

नदीत पावसाखेरीज हाताने काही आडवे धावदोरे घाला, लांब आणि विरळ. लाटांचे शिंपल्यासारखे सेइगाइहा नक्षीचे अर्धगोल घालायचा मोह होईल, पण ही नदी लाटांची नाही. ती नक्षी चौकटीसाठी ठेवा. इंडिगोवर पांढऱ्या जाड धाग्याचं साशिको हे उत्तर जपानच्या थंड तोहोकू भागातल्या बायकांचं काम. तिथे कापूस पिकत नसे, म्हणून जुनं कापड थरावर थर घालून धावदोऱ्याने टिकवायचं. आपल्या गोधडीचा टाकाही हाच. फरक एवढाच की साशिकोत वरचा टाका मधल्या जागेपेक्षा लांब दिसतो, साधारण तीनास दोन.

कड, टांगणं, जपणं

क्विल्टवर पाणी फवारून ती जमिनीवर जाड चादरीवर पसरा, हाताने चौकोनी ताणून टाचण्या मारा आणि तशीच वाळू द्या. वाळल्यावरच कातरायची. ६० × ८७ ला दोन्ही कर्ण १०५.७ सेंमी यायला हवेत. ते सारखे नसतील तर क्विल्ट भिंतीवर तिरकी दिसणार.

गोटासाठी ६ सेंमी रुंद पट्ट्या जोडून ३२० सेंमी लांबी करा. कडा सरळ आहेत, उरेब कापायची गरज नाही. पट्टी उभी दुमडून इस्त्री करा, समोरून ७ मिमीवर शिवा, कोपऱ्याच्या ७ मिमी आधी थांबून पट्टी वर दुमडून परत खाली आणा, म्हणजे कोपरा नीट बसतो. मागे वळवून हाताने तुरपाई.

टांगायला मागे वरच्या बाजूला कापडी बोगदा हवा: २२ सेंमी रुंद, ५८ सेंमी लांब पट्टी दुमडून नळी करा आणि तिच्या दोन्ही लांब कडा फक्त अस्तराला शिवा. मधे थोडी ढिलाई ठेवा, नाहीतर काठीचा उंचवटा समोर आकाशात दिसतो. काठी चपट्या लाकडी पट्टीची, वॉर्निश केलेली. कच्च्या लाकडाने कापड कालांतराने पिवळं पडतं.

थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका, रंग विटतात. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत पावसाळ्यात भिंती ओल धरतात, तिथे खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे शिवून क्विल्ट भिंतीपासून बोटभर दूर ठेवा. बुरशीचा वास आला की लगेच उतरवून पंख्याखाली वाळवा. जून ते सप्टेंबर ती काढूनच ठेवणार असाल तर घडी घालू नका. चित्राची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा आणि धुतलेल्या सुती चादरीत बांधा.

मागे खालच्या कोपऱ्यात मांजरपाटाचा एक तुकडा शिवून त्यावर न पुसणाऱ्या पेनाने लिहा: मूळ चित्र उतागावा हिरोशिगे, १८५७, मग तुमचं नाव, गाव आणि ज्या दिवशी शेवटचा टाका घातला ती तारीख.